परवाना, सही आणि परमुलूख



गेल्या महिन्यात विट्याच्या आमच्या घरी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. आमच्या खानापूर तालुक्यातलेच. मुलीच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती आणि फाइलमध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. दोनशे तासांचे उड्डाण झालेले, परीक्षा झालेल्या, वैद्यकीय तपासणी झालेली. त्यासाठी दोन एकर बागायत विकली होती आणि वर बँकेचे कर्ज होते. गृहस्थांनी फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तात्या, तुम्ही आखातात विमानांवर वीस-बावीस वर्षं काढली. एवढा कागद बघा आणि सांगा, हिला दुबईत नोकरी लागंल का?"

मी वैमानिक नव्हे. विमानाची देखभाल करणारा परवानाधारक अभियंता म्हणून माझे आयुष्य गेले. तरीही प्रश्न माझ्या ओळखीचा होता, कारण १९८१ साली असाच एक कागद घेऊन मीही लोकांच्या दारात उभा राहिलो होतो. त्या गृहस्थांना हो किंवा नाही असे एका शब्दात सांगणे मला जमले नाही. या कागदाला एक इतिहास आहे, आणि तो समजल्याखेरीज त्याची किंमत समजत नाही. तोच आज सांगावा म्हणतो.

पोटासाठी परमुलखात जाणे आपल्या सातारा-सांगलीला नवे नाही. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. पण कागदावर जिल्हे वेगळे झाले तरी माण, खटाव, आटपाडी, खानापूरचा दुष्काळ एकच राहिला. पाटण-जावळीचा माणूस मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेला. पाठीवर ओझी वाहणाऱ्या त्या माणसांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. आमच्या विटा-आटपाडी भागातली पोरे गलाईच्या धंद्यात गेली. जुने दागिने मुशीत वितळवायचे, सोने शुद्ध करायचे, टंच काढून द्यायचा. केरळ, तमिळनाडू, बंगाल, पंजाब, कुठल्याही मोठ्या सराफकट्ट्यावर जा, मागच्या गल्लीत आपल्या भागातला भट्टीवाला भेटतो.

माझे चुलते त्यांतलेच. वयाच्या चौदाव्या वर्षी ते दक्षिणेत गेले. त्यांच्याजवळ ना प्रमाणपत्र होते ना परवाना. गावातल्या एका जाणत्या माणसाने शब्द टाकला आणि तिकडच्या सराफाने त्यांच्या हाती सोने दिले. या सगळ्या स्थलांतराला तारण होते ते ओळखीचे. विमानाच्या धंद्यात मात्र ओळखीला किंमत नाही. इथे सरकार शब्द टाकते आणि तो लेखी असतो. त्यालाच परवाना म्हणतात.

आपल्या देशात हा लेखी शब्द जेमतेम शंभर वर्षांचा आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला, क्रमांक एकचा परवाना. १९३२ साली त्याच टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले. विमान हे हौसेचे वाहन न राहता धंद्याचे झाले, तसा कायदाही आला. १९३४ चा विमान अधिनियम आणि १९३७ चे विमान नियम. विमान कोणी चालवायचे, कोणी दुरुस्त करायचे आणि ते उडण्यास योग्य आहे अशी सही कोणी करायची, हे त्यात ठरले.

या परवान्याच्या बळावर परदेशी गेलेली पहिली मोठी तुकडी युद्धाने पाठवली. १९४० साली ब्रिटनला वैमानिक कमी पडू लागले. नागरी परवाना असलेल्या हिंदी तरुणांना बोलावणे आले. चोवीस जण निवडले गेले आणि मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेले. त्यांत महेंदरसिंग पुज्जी होते. त्यांनी परवाना दिल्लीच्या फ्लाइंग क्लबमधून काढला होता. तिकडे ते लढाऊ विमाने चालवू लागले. २०१० साली ते वारले आणि २०१४ साली इंग्लंडमधील ग्रेव्हसेंड या गावी त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याच काळात बेविन योजनेतून हिंदी कारागिरांच्या तुकड्या ब्रिटनच्या कारखान्यांत शिकायला गेल्या. इकडे डिसेंबर १९४० मध्ये वालचंद हिराचंदांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. सांगलीच्या विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे वालचंद. युद्धात त्या कारखान्यात अमेरिकन विमानांची दुरुस्ती होऊ लागली आणि हजारो हिंदी हातांना विमानाची ओळख झाली.

युद्ध संपण्याआधीच एक गोष्ट घडली. आमच्या धंद्यातल्या माणसाचे नशीब आजही तिच्यावर चालते. १९४४ च्या नोव्हेंबरात शिकागो शहरात निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी जमले. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर गिरिजाशंकर बाजपेयींनी केले. ७ डिसेंबरला करार झाला. त्याच्या बत्तिसाव्या कलमाने ठरवले की, देशांतर करणारे विमान चालवणाऱ्याचा परवाना विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य मानलेला असला पाहिजे. तेहतिसावे कलम सांगते की, किमान दर्जा पाळून दिलेला परवाना इतर देशांनी मानावा.

हे ऐकायला किचकट वाटते, पण विमानतळावर गेलात तर डोळ्यांना दिसते. प्रत्येक विमानाच्या शेपटीजवळ काही अक्षरे असतात. आपल्या विमानांवर 'व्हीटी' असते. काही लोक त्याचा अर्थ 'व्हाइसरॉय टेरिटरी' असा सांगतात. खरे तर ही अक्षरे इंग्रजी अमदानीत झालेल्या रेडिओच्या हाक-चिन्हांच्या वाटपातून आली. संयुक्त अरब अमिरातीच्या विमानावर 'ए-६', कतारच्या विमानावर 'ए-७', सिंगापूरच्या विमानावर '९-व्ही'. माझा भारतीय परवाना 'व्हीटी'साठी. 'ए-६' विमानाला हात लावायचा तर अमिरातीच्या सरकारने माझा परवाना तपासून, हवी तर परीक्षा घेऊन, आपला कागद दिला पाहिजे. विमान तेच, इंजिन तेच, पाना तोच. शेपटीवरची अक्षरे बदलली की माणूस पुन्हा उमेदवार होतो. आखातात गेल्यावर तीस वर्षांचा मी त्यांच्या हवाई कायद्याचा पेपर शाळकरी पोरासारखा पाठ करून बसलो होतो.

या धंद्यात आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. परवाना खरा असतो, माणूस हुशार असतो, आणि तरीही काम संपते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले. त्या काळच्या लांब पल्ल्याच्या विमानात वैमानिकांबरोबर मार्ग काढणारा नॅव्हिगेटर, बिनतारी संदेश सांभाळणारा रेडिओ अधिकारी आणि इंजिनांकडे बघणारा फ्लाइट इंजिनिअर असे. प्रत्येकाचा परवाना वेगळा. पुढे बोलून संदेश देता येईल असे रेडिओ आले आणि रेडिओ अधिकारी गेला. जागा स्वतःच दाखवणारी यंत्रे आली आणि नॅव्हिगेटर गेला. १९८६ साली एअर इंडियाकडे एअरबस ए-३१० आले. त्याच्या कॉकपिटमध्ये दोघांचीच खुर्ची होती. फ्लाइट इंजिनिअरचीही उलटी गणती सुरू झाली. काही जण पुन्हा परीक्षा देऊन वैमानिक झाले, काही जमिनीवरच्या कामाला लागले. गलाईवाल्याची मूस हजार वर्षे तीच राहिली. आमची मूस दर वीस वर्षांनी बदलत गेली.

आता आखाताकडे वळतो. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि तिकडे पैसा आला. बहारीनमध्ये १९५० साली सुरू झालेल्या छोट्या कंपनीची १९७४ साली चार राज्यांनी मिळून 'गल्फ एअर' केली. १९८५ साली दुबईत एमिरेट्स सुरू झाली. या देशांकडे विमाने होती, धावपट्ट्या होत्या, पण परवानाधारक माणसे नव्हती. आपल्याकडे माणसे होती. इंग्रजी चालत होते, नियमांचा साचा इंग्रजी वळणाचा होता आणि मुंबई तीन तासांवर होती. आमच्यासारख्यांची तिकडे रीघ लागली.

मी गेलो तो एका मध्यस्थाकरवी. मुंबईत एका लॉजच्या खोलीत त्याचे कार्यालय होते. माझ्याकडून त्याने चार महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम घेतली आणि कराराचा कागद विमानतळावर दिला. तिकडे उतरल्यावर कळले की पगार ठरल्याच्या दोनतृतीयांश आहे. पुढे १९८३ साली परदेशगमनाचा नवा कायदा झाला, मध्यस्थांची नोंदणी सक्तीची झाली. पण कायद्यात सगळ्यात जास्त काळजी घेतली आहे ती कमी शिकलेल्या मजुराची. शिकलेल्या माणसाने आपली काळजी आपण घ्यावी, असे गृहीत धरले जाते. आणि शिकलेला माणूस बहुधा वाचायच्या आधी सही करतो.

सहीवरून आठवले. आमच्या धंद्यात परवाना म्हणजे शेवटी सहीचा अधिकार. विमान दुरुस्त झाले, उडण्यास योग्य आहे, असे लिहून मी सही करतो, तेव्हा ती कंपनीची सही नसते, माझी असते. पुढे काही घडले तर वही उघडतात आणि नाव वाचतात. १९८७ सालच्या एका पहाटे एका विमानाच्या चाकांचे ब्रेक मी तपासत होतो. ब्रेकवर झीज दाखवणारी एक बारीक पिन असते. ब्रेक झिजतो तशी ती आत जाते. कडेच्या पातळीला आली की ब्रेक बदलायचा. ती पातळीच्या आत गेली होती. बदली ब्रेक जवळ नव्हता, प्रवासी रांगेत उभे होते. वरिष्ठ म्हणाले, एक फेरी होऊ दे, आल्यावर बदलू. मी सही केली नाही. विमान सहा तास उभे राहिले. कोणी मला एका शब्दाने बोलले नाही. चार महिन्यांनी करार संपला, तो पुढे वाढवला नाही, एवढेच.

मी विट्याला परत आलो. घरात दोन लहान मुले, बांधकाम अर्धवट. त्याहून मोठा घोर वेगळाच होता. आमचा परवाना कपाटात ठेवून टिकत नाही. मागच्या चोवीस महिन्यांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम केले पाहिजे, नाही तर त्याची धार जाते. दिवस मोजत मी घरात बसलो होतो. सही करून टाकली असती तर काय बिघडले असते, असे स्वतःलाच विचारत होतो. चुलते तेव्हा दिवाळीला गावी आले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, मी जर एकदा टंच खोटा सांगितला, तर माझं दुकान तर जाईलच, पण त्या गल्लीतल्या आपल्या गावच्या अकरा भट्ट्या बंद पडतील. तिथं माझं नाव कुणाला ठाऊक नाही. सगळे 'महाराष्ट्राचा माणूस' म्हणतात." अकरा महिन्यांनी मला दुसऱ्या एका देशात काम मिळाले. तिथे मुलाखतीत विचारले, आधीची नोकरी का सोडली? मी खरे ते सांगितले. समोरचा म्हातारा इंग्रज अभियंता काही बोलला नाही. त्याने फक्त रुजू होण्याची तारीख विचारली.

चुलत्यांचे ते बोलणे विमानाच्या धंद्यात किती खरे आहे, हे पुढच्या काळाने दाखवले. २०११ साली आपल्याकडे काही वैमानिकांनी बनावट गुणपत्रिका जोडून परवाने मिळवल्याचे उघड झाले, अटका झाल्या. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या हवाई खात्याने भारताच्या देखरेखीचा दर्जा खाली आणला. तो एप्रिल २०१५ मध्ये परत मिळाला. मधल्या काळात आपल्या कंपन्यांना अमेरिकेच्या फेऱ्या वाढवता आल्या नाहीत. २०२० सालच्या जूनमध्ये पाकिस्तानच्या मंत्र्यांनी संसदेत सांगितले की, त्यांच्या २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. व्हिएतनामने तिथे काम करणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकांना लगेच खाली उतरवले. युरोपने पाकिस्तानच्या सरकारी कंपनीला बंदी घातली, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये उठली. त्या वैमानिकांत कितीतरी जण प्रामाणिक असतील, रात्रंदिवस अभ्यास करून पास झालेले असतील. पण परवान्यावर आपल्या नावाच्या वर देशाचे नाव असते. खोटे कागद करणारा शेजाऱ्याचीही भट्टी विझवतो.

परमुलखातली नोकरी किती बेभरवशाची, हे आम्ही १९९० साली पाहिले. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले. चांगल्या पगाराची माणसे एका आठवड्यात एका बॅगेवर आली. एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक भारतीय परत आणले, बहुतेक जॉर्डनच्या अम्मानहून. आमच्या ओळखीचा एक अभियंता आला तो छातीशी परवाना आणि कामाच्या नोंदींची वही धरून. बायकोचे दागिने तिथेच राहिले होते. तो म्हणाला, दागिने पुन्हा करता येतील, या नोंदी पुन्हा कोण करून देणार?

आणि मायदेशातली नोकरी भरवशाची, असेही नाही. खासगी कंपन्या आल्या, तशी २००० नंतरच्या दशकात माणसे कमी पडू लागली आणि परदेशी वैमानिक आपल्याकडे नोकरीला येऊ लागले. आपली माणसे एकदम सोडून जाऊ नयेत म्हणून २००५ साली वैमानिकांना सहा महिन्यांची नोटीस सक्तीची झाली. २०१७ साली कॅप्टनसाठी ती एक वर्षाची केली. पण कंपनीने बंद पडायच्या आधी किती नोटीस द्यायची, हे त्या नियमात लिहिलेले नव्हते. २०१२ साली किंगफिशर थांबली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. हजारो परवानाधारक एका रात्रीत रिकामे झाले. काहींना इथल्याच दुसऱ्या कंपन्यांनी घेतले, काही आखातात गेले.

त्याच जेटमध्ये एक वैमानिक होते, कॅप्टन अमोल यादव, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. उड्डाण ते अमेरिकेत शिकले. तिकडे न राहता परत आले आणि कांदिवलीच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. पण त्याच्या नोंदणीचा कागद मिळायला २०१७ उजाडले आणि उडवून पाहण्याची परवानगी २०१९ साली मिळाली. कागदाची वाट एकट्या परदेशी जाणाऱ्यालाच पाहावी लागते, असे नाही.

तर मित्रहो, त्या दिवशी त्या मुलीला मी काय सांगितले? मी म्हणालो, बाळ, तुझा परवाना खरा आहे, पण दोनशे तास म्हणजे दहावीचा दाखला. मोठी परदेशी कंपनी विचारते की कोणत्या जातीच्या विमानावर किती तास. ते तास आधी इथे भर. शेपटीवरची 'व्हीटी' अक्षरे हीच तुझी पहिली शाळा. १९८५ साली सौदामिनी देशमुखांनी इंडियन एअरलाइन्सचे पहिले सर्व महिला कर्मचाऱ्यांचे विमान कोलकात्याहून सिल्चरला नेले, ते इथल्याच तासांच्या जोरावर. दुसरे, इंग्रजी पक्के कर. २००८ पासून विमानाशी बोलण्याच्या इंग्रजीची पातळी परवान्यावर लिहिली जाते. चौथी पातळी मिळाली तर पुन्हापुन्हा परीक्षा, सहावी मिळाली तर कायमची. तिसरे, रेडिओचा परवाना पूर्वी दूरसंचार खात्याकडून घ्यावा लागे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वायुयान कायद्याने तेही काम डीजीसीएकडे दिले आहे. खाते एकच, म्हणजे एजंटाची गरज आणखी कमी. परदेशी सरकार तुझा परवाना खरा की खोटा हे डीजीसीएलाच विचारते. तिथे कोणाची ओळख चालत नाही, आणि कोणी चालते म्हणून पैसे मागितले तर उठून ये.

मुलगी लिहून घेत होती. वडील मात्र अस्वस्थ होते. त्यांनी शेवटी विचारले, "म्हणजे दोन एकर गेली ती परत येईल का नाही, तेवढं सांगा." मी म्हणालो, "मालक, ते मला सांगता येणार नाही. पाऊस येईल का, हे तरी आपण कधी सांगू शकलो? पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे. कर्जाचा हप्ता दारात आला म्हणून हिला घाईने कुठल्याही कागदावर सही करायला लावू नका."

जाताना तिने आपली उड्डाणाची वही माझ्यापुढे उघडली. पहिल्या पानावर पहिल्या दिवसाची नोंद होती, पाऊण तासाची. अक्षर जरा थरथरलेले. पुढच्या पानांवर ते सरळ होत गेले होते. मी म्हणालो, ही वही नीट जप. शेतीचा सात-बारा तुमच्याकडे राहिला नाही. आता हाच तुमचा सात-बारा. यात एकही तास खोटा लिहू नकोस.

ती हसली आणि म्हणाली, "नाही लिहिलेला, तात्या." तिच्या नोकरीचे काय होईल ते मला ठाऊक नाही. पण तिचे ते उत्तर ऐकून मला माझ्या चुलत्यांची भट्टी आठवली, आणि त्या गल्लीतल्या अकरा भट्ट्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)